हेंड्रिक्सचा आवाज आणि आपल्याकडचा मे महिना

गिटारवादक जिमी हेंड्रिक्ससारखा आवाज हवा तर जर्मेनियम ट्रान्झिस्टरचाच फझ (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल) घ्या, असं एका भाऊंनी सुचवलंय. पण आर्वीकडच्या खेड्यात, टिनाच्या खोलीत वाजवणाऱ्याला मी सिलिकॉनचाच घ्या म्हणेन. जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापला की त्यातला गळका करंट वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरला ठरवून दिलेलं व्होल्टेज) सरकतो आणि सूर तुटक, घुसमटलेला निघतो. मे महिन्यात ४५ अंशांत तो टिकायचा कसा? १९६६ च्या पहिल्या ‘फझ फेस’ नावाच्या फझ पेडलमध्ये जर्मेनियम होतं हे खरंच, पण हेंड्रिक्सनं पुढे सिलिकॉनवालेही वापरलेच की.

खरी जादू मला गिटारच्या व्हॉल्यूममध्ये वाटते. फझ पूर्ण उघडा ठेवा आणि स्ट्रॅटोकास्टर गिटारचा व्हॉल्यूम जरासा उतरवा, आवाज लगेच काचेसारखा स्वच्छ होतो. त्यासाठी गिटारची वायर थेट फझमध्येच जायला हवी, मध्ये बफरवालं (सिग्नल मजबूत करून पुढे पाठवणारं) पेडल नको.

तारा अर्धा स्वर खाली लावा, हेंड्रिक्स बहुतेकदा तसंच वाजवायचा. त्याच्यासारखा शंभर वॅटचा मार्शल अॅम्प्लिफायर गावात कोण आणणार! छोटा अॅम्प आवाज किंचित फाटू लागेल इतका वाढवा. अगदी साफ ठेवलेल्या अॅम्पवर फझ कर्कश लागतो.