बैल बुजणार नाही असा हॉर्न कोणता?

काळीपिवळीवाला, आर्णी:
राम राम मंडळी. आर्णी-दिग्रस गाडी चालवतो. सध्या कापसाच्या बैलबंड्या रस्त्यावर हायेत. माल इतका उंच रचलेला असते की बंडी हाकणाऱ्या धुरकऱ्याले मागचं काहीच दिसत नाई, म्हणून हॉर्न मारा लागते. मारला की बैल बुजून नालीकडं वळते अन् शिव्या मले! प्रेशर हॉर्न नाई, कंपनीचा चपटाच हाय. थांब्याजवळच्या घरी बाळंतीण हाय, सवारीसाठी हॉर्न मारला की तिची सासू रोज हात जोडते. आवाज दूर जावा, पण बोचू नये. बासरी-तबल्याचा हॉर्न लावू का? गडकरी साहेब बोलले होते ना?

वायरिंगवाला, दारव्हा:
भाऊ, बासरीच्या नादी लागू नका. साहेबांनी २०२१ मध्ये कल्पना मांडली खरी, पण मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे एकामागून एक सूर बदलणारा हॉर्न चालत नाही. पासिंगला अडकाल.
तुमच्या चपट्या हॉर्नचा मूळ सूर ४००-५०० हर्ट्झचाच असतो. पण त्याची पुढची ताटली २००० ते ३५०० हर्ट्झमध्ये झणझणते, आणि माणसाचा कान तिथंच जास्त तिखट. शंखाच्या आकाराचा विंडटोन हॉर्न घ्या, लो-हाय म्हणजे एक खालच्या अन् एक वरच्या सुराचा, अशी जोडी. आवाज भरीव येतो. जोडी करंट जास्त ओढते, रिले (बटणावर भार न टाकता हॉर्नला करंट देणारा स्विच) लावाच, नाहीतर स्टिअरिंगचं बटण जळेल. तोंड खाली ठेवा, पाणी साचत नाही. अन् जुन्याच्या मागचा स्क्रू पिळू नका, तो आवाज हळू करायचा नाही.

गोठेवाला:
बैलाला सगळ्यात बारीक ऐकू येतं ते ८००० हर्ट्झच्या आसपास, म्हणून किरकिऱ्या आवाजाला तो आपल्याहून जास्त बिचकतो. पण बंडीला चिकटून दाबला तर विंडटोननेही उधळेल. दुरूनच दोनदा छोटं टुक-टुक करा, धुरकऱ्याला कासरा आवरायला वेळ मिळतो.

मास्तर, दिग्रस:
थांब्यावर हॉर्न कशाला? सवारीला मिस कॉल द्या. विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ खाली १००० रुपये दंड आहे. रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत तर बंदीच.

काळीपिवळीवाला, आर्णी:
मास्तर, अर्ध्या सवाऱ्या म्हाताऱ्या, फोन नातवाच्या हातात! त्यापेक्षा क्लीनर पोट्ट्याले उतरवून हाका मारा लावतो. दारव्हेकर भाऊ, जोडी अन् रिले मिळून किती घेसान? बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन येतो.