तेल बदललं की भूक बदलते का?

मृदुला:
"कुठलंही तेल घ्या, उष्मांक सारखेच" हे वाक्य ऐकून आता राग येतो. ग्रॅमला 9 उष्मांक, मान्य. पण पोटात गेल्यावर सगळी तेलं एकाच वाटेनं जात नाहीत. 8 आणि 10 कार्बनची मध्यम साखळीची मेदाम्लं, म्हणजे एमसीटी (मध्यम साखळीचा स्निग्धांश) तेलातली, आतड्यातून निघून थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात आणि तिथं पटकन जळतात. लांब साखळीच्या मेदाम्लांना आधी स्निग्धांशाच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधून लसीकावाहिन्यांतून फिरवावं लागतं. ऑलिव्ह तेलाची गोष्ट आणखी वेगळी. त्यातल्या ओलेइक आम्लापासून लहान आतड्याच्या अस्तरात ओईए नावाचं द्रव्य तयार होतं. 2001 साली ते उंदरांना दिलं तेव्हा त्यांचं खाणं कमी झालं.
खोबरेल तेलात एमसीटी असतं म्हणून मी तीन महिने सकाळी त्याचे दोन चमचे घेतले. अकरा वाजताची भूक गेली. माझं मत ठाम आहे: तेल निवडताना भुकेचा विचार करायलाच हवा.

शंतनु_र:
पूर्ण असहमत. त्या उंदरांना ओईए टोचून दिलं होतं, तेल खाऊ घातलं नव्हतं. हा फरक सोडून देता येत नाही.
खोबरेल तेल म्हणजे एमसीटी तेल नव्हे, हेही एकदा स्पष्ट होऊ दे. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, 12 कार्बनचं. त्याचा बराच भाग लांब साखळीसारखाच गोळ्यांत बांधला जातो. 8 आणि 10 कार्बनचा वाटा साधारण 15 टक्क्यांच्या आतला. एमसीटीवरचे प्रयोग दाखवून खोबरेल तेल विकणाऱ्यांवर माझा खरा रोख आहे, तुमच्यावर नाही.
आता तृप्तीबद्दल. 1995 साली सिडनीत 38 पदार्थ प्रत्येकी 240 उष्मांकांच्या मापानं लोकांना खायला देऊन दोन तास भूक नोंदवली. सगळ्यात वर उकडलेला बटाटा, सगळ्यात खाली क्रोइसाँ, म्हणजे भरपूर लोणी घातलेला फ्रेंच पाव. ज्यात स्निग्धांश जास्त, त्यानं पोट कमी भरलं. पचवायला खर्च होणारी ऊर्जाही बघा: प्रथिनांतल्या उष्मांकांच्या 20 ते 30 टक्के, स्निग्धांशातल्या जेमतेम 0 ते 3.

मृदुला:
खोबरेल तेलाबद्दलची दुरुस्ती मान्य, तिथं मी घाई केली. पण सिडनीच्या प्रयोगात पदार्थांची तुलना होती, तेला-तेलांची नाही. माझा प्रश्न तेला-तेलांचा आहे. एमसीटी आणि नेहमीचं तेल समोरासमोर ठेवून केलेल्या प्रयोगांत पुढच्या जेवणात लोक थोडं कमी खातात, असं अनेकदा दिसलंय.

शंतनु_र:
"थोडं" हा शब्द तुम्हीच वापरलात. आणि गंमत बघा, पोट भरल्याचा निरोप देणारं सीसीके हे संप्रेरक सुटायला मेदाम्लाची साखळी निदान 12 कार्बनची लागते. 8 आणि 10 वाली त्याला फारशी हलवत नाहीत. म्हणजे एमसीटीनं भूक कमी होत असेल तर ती या दारानं नाही. कारण हाती नसताना लोकांना चमचे मोजून प्यायला सांगायचं?

वैशाली (आहारतज्ज्ञ):
तुम्ही दोघंही भुकेत अडकलात. माझ्या मते तेलाचा प्रकार भुकेपेक्षा चरबी कुठे साठते यावर जास्त बोलतो.
2014 साली स्वीडनमध्ये 39 सडपातळ तरुणांना सात आठवडे जादा उष्मांकांचे मफिन दिले. निम्म्यांच्या मफिनमध्ये पाम तेल, बाकीच्यांच्या सूर्यफूल तेल. दोन्हीकडे वजन सारखंच वाढलं, सुमारे 1.6 किलो. पण पाम तेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी बरीच जास्त साठली, सूर्यफूलवाल्यांत चरबीविरहित वस्तुमान जास्त वाढलं. वजनकाटा सारखा, आतलं शरीर वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांना मी हे सांगते, कारण त्यांना फक्त किलो दिसतात.

केतकी:
सूर्यफूल तेलाची भलामण नको! ओमेगा-6 म्हणजे शरीरात दाह.

वैशाली (आहारतज्ज्ञ):
हे फार पसरलंय, पण माणसांवरच्या नियंत्रित प्रयोगांत लिनोलेइक आम्ल, म्हणजे सूर्यफूल तेलातलं मुख्य ओमेगा-6, वाढवल्यावर दाहाची चिन्हं वाढलेली आढळत नाहीत. तेच तेल पुन्हापुन्हा तापवणं हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे.

मृदुला:
वैशालीताई, हा प्रयोग माझ्या बाजूचाच आहे. "सगळी तेलं सारखी" हे त्यानंच खोटं ठरतं. त्यात स्पेनचा 7,447 जणांचा प्रेडिमेड हा आहाराचा प्रयोग धरा. ऑलिव्ह तेल गटाला उष्मांकांची मर्यादा नव्हती, तरी पाच वर्षांत त्यांचं वजन वाढलं नाही.

शंतनु_र:
प्रेडिमेडचा 2013 चा मुख्य निबंध गटवाटणीतल्या चुकांमुळे मागे घेऊन 2018 मध्ये पुन्हा छापावा लागला. निष्कर्ष बहुतांशी टिकला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तिथं लोकांचा सगळा आहारच बदलला होता, एका बाटलीला श्रेय कसं द्यायचं? मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे 120 उष्मांक, मग ते कुठलंही असो. मृदुला, सकाळचे ते दोन चमचे तुम्ही नेहमीच्या खाण्यावर जादा घेत होता की दुसरं काही कमी करून?

मृदुला:
सकाळचं खाणं बंद करून. आणि हो, ते कधी मोजलं नव्हतं. या आठवड्यापासून दोन्ही लिहून ठेवते: एक आठवडा तेल घेऊन, एक आठवडा तेवढ्याच उष्मांकांचं दुसरं काही खाऊन. अकराच्या भुकेचं काय झालं ते इथंच सांगेन.