फेलोच्या निष्ठेचा प्रश्न

मानधन मानसशास्त्रज्ञांची संघटना देते, म्हणून अमेरिकी काँग्रेस (संसद) सदस्याच्या कार्यालयात फेलो, म्हणजे ठरावीक काळासाठी आलेला तज्ज्ञ, म्हणून काम करणारा मानसशास्त्रज्ञ त्या संघटनेचाच छुपा प्रतिनिधी ठरतो, असा आक्षेप घेतला जातो; तो मला अर्धाच पटतो. पैशाच्या उगमाविषयी सावध राहायलाच हवे; परंतु अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या संघटनेने १९७४ मध्ये सुरू केलेल्या या एक वर्षाच्या फेलोशिपमध्ये फेलो त्या सदस्याच्या किंवा समितीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक म्हणून काम करतो आणि आपल्या अभ्यासक्षेत्राबाहेरचे विषयही त्याला हाताळावे लागतात.

या आक्षेपाच्या चर्चेत मानसशास्त्रज्ञांच्या कायदेमंडळापलीकडच्या, म्हणजे प्रशासनातल्या, कामाचा उल्लेख मात्र येत नाही. व्हाइट हाउसच्या पुढाकाराने २०१४ मध्ये उभ्या राहिलेल्या सोशल अँड बिहेवियरल सायन्सेस टीम या वर्तनशास्त्राचा सरकारी कामात उपयोग करणाऱ्या गटाने सैनिकांना निवृत्तिबचत योजनेत सामील होण्यासाठी पाठवायच्या ईमेलच्या वेगवेगळ्या मसुद्यांची यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणता मसुदा जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून) घेतली होती. कोणता मजकूर माणसाला खरोखर कृतीकडे नेतो, हे अंदाजाने न ठरवता प्रयोगाने तपासण्याची ही शिस्त, माझ्या मते, मानसशास्त्रज्ञाने प्रशासनाला द्यावी अशी सर्वांत मोलाची गोष्ट आहे. २०१७ मध्ये सत्ता बदलल्यावर ती टीम राहिली नाही, तरी जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकी केंद्रीय सरकारी संस्थेतील ऑफिस ऑफ इव्हॅल्युएशन सायन्सेसने हे काम पुढे चालू ठेवले.