भाऊ बाँडवर सुटलेला असताना पुन्हा मारामारीत नाव आलं. जुनी शिक्षा आता लागेल का?

नमस्कार. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. घरात हा विषय काढला की आई रडायला लागते, म्हणून इथे लिहितेय.

२०२२ मध्ये बांधावरून भांडण झालं आणि त्याने शेजाऱ्याच्या हातावर काठी मारली. ती त्यानेच मारली होती, त्यात वाद नाही. भादंवि ३२४ (हत्याराने दुखापत) लागलं. गेल्या वर्षी कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, पण पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. जामीनदार मी आहे. तेव्हापासून घरात सगळे 'शिक्षा स्थगित झाली' असंच म्हणतात.

गेल्या महिन्यात एका वरातीत झटापट झाली. तो म्हणतो, मी सोडवायला गेलो होतो. एफआयआरमध्ये चार नावं आहेत, त्यात दुसरं त्याचं. कलम बीएनएस (भादंविच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) ११८(१), म्हणजे तसंच हत्याराने दुखापतीचं. अटक झालेली नाही, पोलिसांनी ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, नोटीस दिली आहे. परिविक्षा अधिकाऱ्यांना (बाँडवर सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारे प्रोबेशन ऑफिसर) अजून काहीच कळवलेलं नाही, कारण तो घाबरलाय.

जुनी शिक्षा आपोआप सुरू होते का? काका म्हणतात, दुसऱ्यांदा म्हणजे दुप्पट शिक्षा, आणि वर सांगतात की गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. तसं करावं का? आणि जामीनदार म्हणून माझ्यावर काय येईल? कृपया नीट माहिती असेल त्यांनीच सांगा.

प्रतिसाद
शिक्षा स्थगित असताना दुसरा गुन्हा केला की जामीन रद्द होतो आणि सरळ आत जावं लागतं. आमच्या ओळखीत असंच झालं.

प्रतिसाद
वरच्या प्रतिसादामुळे गोंधळ वाढेल. ताई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचं उत्तर या फरकावरच ठरणार आहे.

'शिक्षा स्थगित' म्हणजे शिक्षा सुनावली गेली, त्यावर अपील केलं, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत तिची अंमलबजावणी थांबवून जामीन दिला. पूर्वी हे सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) ३८९ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या ४३० खाली होतं. तिथे नवा गुन्हा घडला तर सरकारी पक्ष जामीन रद्द करण्याचा अर्ज करू शकतो. अपील फेटाळलं गेलं तर शिक्षा भोगावी लागते, आणि जामिनावर बाहेर काढलेले दिवस त्यात धरले जात नाहीत.

तुमच्या वर्णनावरून तुमच्या भावाला प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८ च्या कलम ४ खाली सोडलेलं दिसतं. त्यात शिक्षा ठरवलेलीच नसते. बाँडच्या मुदतीत बोलावलं तर हजर राहून शिक्षा घेईन आणि तोवर शांततेने व चांगलं वागेन, असं त्याने लिहून दिलेलं असतं. म्हणून 'जुनी शिक्षा किती महिन्यांची' याला आज उत्तर नाही. ३२४ ला कमाल तीन वर्षं आहेत, त्याच्या आत कोर्ट ठरवेल.

आपोआप काहीच सुरू होत नाही. कलम ९ प्रमाणे, अटी मोडल्या असं मानायला कारण आहे असं कोर्टाला परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने वाटलं, तर ते समन्स किंवा वॉरंट काढतं. मग भावाचं म्हणणं ऐकतं. अट मोडल्याची खात्री झाली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. अट पहिल्यांदाच मोडली असेल तर बाँड चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडावरही सोडू शकतं. रक्कम वाचून विश्वास बसणार नाही, पण कायद्यात १९५८ पासून तीच आहे. मात्र हा कोर्टाचा अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. ते तेवढ्यावरच सोडेल असं धरून चालू नका.

काकांचा सल्ला कृपया ऐकू नका. कबुली दिली की नव्या केसमध्ये तो दोषी ठरतो, आणि तोच निकाल बाँड मोडल्याचा पुरावा म्हणून जुन्या केसमध्ये समोर येतो. किरकोळ दंड भरून घरी आलेला माणूस मागच्या दाराने तीन वर्षांच्या कलमात सापडतो. तो खरोखर सोडवायला गेला असेल तर ही केस लढलीच पाहिजे. वरातीचे व्हिडिओ लोकांच्या मोबाइलमधून पुसले जायच्या आधी मिळवा.

दुप्पट शिक्षेची भीती मात्र काढून टाका. वाढीव शिक्षेचं बीएनएस १३ हे नाणी-नोटा आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी आहे, मारहाणीसाठी नाही. पण दोन्हीकडे शिक्षा झाली तर त्या साधारणपणे एकीमागून एक भोगाव्या लागतात. एकत्र भोगायच्या असतील तर कोर्टाने तसा आदेश द्यावा लागतो, म्हणून वकिलांनी तो मागायला विसरू नये.

प्रतिसाद
जामीनदाराबद्दल सांगते. बाँड जप्त झाला तर रक्कम का वसूल करू नये, अशी नोटीस आधी येते. तिला लेखी उत्तर द्याच, कोर्ट रक्कम कमी करू शकतं. नोटीस घरात पडून राहिली की खरा त्रास सुरू होतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. आणि भाऊ सरकारी नोकरीच्या मागे असेल तर वकिलांना कलम १२ विचारा. प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण नंतर मूळ गुन्ह्यात शिक्षा झाली तर ते संरक्षण जातं.

धागाकर्ती
खूप आभार. आज निकालाची प्रत शोधून वाचली. 'कलम ४' असंच लिहिलंय, आणि 'स्थगित' हा शब्द त्यात कुठेच नाही. वर्षभर आम्ही चुकीचंच धरून बसलो होतो. देखरेखीच्या अटीही आहेत: दर महिन्याला हजेरी, आणि पत्ता बदलला तर कळवणं. भावाने मागच्या दोन हजेऱ्या चुकवल्यात, हे मला आजच कळलं. अधिकाऱ्यांकडे आधी जावं की आधी वकिलांना भेटावं?

प्रतिसाद
आधी वकील, पण त्याच दिवशी अधिकारी. वरातीत नक्की काय झालं यावर वकिलांना न विचारता काही लिहून देऊ नका. नवी केस झाली आहे एवढं मात्र त्याने स्वतः सांगावं. ते पोलिसांकडून कळलं तर अहवाल वेगळा लिहिला जातो. चुकलेल्या हजेऱ्यांचं खरं कारण असेल तर कागदासह द्या. कारण नसेल तर बनवू नका.

धागाकर्ती
सोमवारी दोघंही जातोय. त्याला बाँडची प्रत मोठ्याने वाचून दाखवली. खाली स्वतःचीच सही आहे, पण त्यातलं एकही वाक्य त्याने याआधी वाचलं नव्हतं.