'रिपीटर'च खरा पहिला अल्बम

'थर्टीन साँग्ज' हा फुगाझी या अमेरिकन पंक बँडचा पहिला अल्बम, असं कुणीतरी लिहिलंय. त्यात थोडी भर घालतो. ती १९८९ची सीडी म्हणजे आधीच्या दोन ईपी (अल्बमपेक्षा छोट्या, मोजक्या गाण्यांच्या रेकॉर्ड) एकत्र केलेल्या. स्टुडिओत अल्बम म्हणून घडवलेला पहिला तो 'रिपीटर', १९९०चा. हा फरक नुसता यादीपुरता नाही, कानाला कळतो. सुरुवातीला बँडमधला गी पिचोटो मुख्यतः गायचाच. 'रिपीटर'वर त्याची गिटार बँडचा दुसरा गायक-गिटारवादक इयन मकायच्या गिटारसमोर उभी राहते. एक टोचत जातो, दुसरा जागा मोकळी सोडतो. जो लॅलीचा बास मात्र खालून डबसारखा (रेगेतून आलेली, बासवर भर देणारी शैली) गोल फिरत राहतो. मला तर आधी बासच ऐकू येतो. ब्रेंडन कँटीचे ड्रम्स शीर्षकगीतात हेडफोन लावून ऐकाच.

'मर्चंडाइज' हे गाणं खपाऊपणावर तुटून पडतं, आणि बँडने ते पाळलंही: टी-शर्ट विकले नाहीत, तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं, कार्यक्रम सगळ्या वयांसाठी खुले. म्हणून ते गाणं आजही पोकळ वाटत नाही. सीडी घेतलीत तर शेवटी 'थ्री साँग्ज' ईपीही मिळते.