शब्दचर्चा : क्वार्टरबॅकवरचं ‘प्रेशर’ म्हणजे दबाव, दडपण की रेटा?

प्रश्न

अमेरिकन फुटबॉलवर मराठीत लिहितो आहे. शिकागो बेअर्स संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) केलेब विल्यम्स याच्या २०२४ च्या पहिल्या हंगामाबद्दलचं एक वाक्य अडलं आहे : ‘दबावाखाली त्याची कामगिरी ढासळली.’ वाक्यात चूक काही नाही, पण मी जे सामने पाहिले ते त्यात उतरत नाहीत. दबाव लिहावं, दडपण लिहावं की सरळ प्रेशर? आणि ‘दबावाला बळी पडला’ असं लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद

क्रिकेटच्या बातम्यांत दबाव आणि दडपण दोन्ही सर्रास येतात, कुणी फरक करत नाही. दबाव राहू द्या.

प्रतिसाद

क्रिकेटमध्ये चालून जातं, कारण शेवटच्या षटकात फलंदाजावर जे असतं ते बहुतेक मनावरचंच असतं. त्याला उचलून आपटायला कुणी धावत येत नाही. क्वार्टरबॅकच्या बाबतीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच इंग्रजी शब्दात कोंबलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय या पोराला न्याय मिळणार नाही.

पहिली गोष्ट शरीराची. चेंडू हातात आला की त्याच्यापुढे पाच जणांची भिंत असते. तिच्या आडोशाला जी जागा तयार होते ते पॉकेट. फेकायला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं ती भिंत फोडून आत घुसतात. त्यांनी घाईने फेकायला लावलं, फेकताना धडक दिली किंवा फेकण्याआधीच लोळवलं (हा सॅक), तर तिकडचे विश्लेषक व्हिडिओ पाहून त्या खेळीपुढे ‘प्रेशर’ अशी नोंद करतात. म्हणजे ही मोजायची गोष्ट आहे. क्वार्टरबॅकला त्या क्षणी काय वाटलं याच्याशी तिचा संबंध नाही. तो अगदी निवांत असला तरी नोंद होणारच. यासाठी माझी पसंती ‘रेटा’ या शब्दाला आहे. ‘पास रशचा रेटा’ (पास रश म्हणजे फेकणाऱ्यावर धावून जाणं), ‘रेट्यात फेकलेला पास’ हे मराठी कानाला लगेच कळतं. रेट्यात धक्का आहे, मन नाही.

दुसरी गोष्ट मनाची, आणि तिला ‘दडपण’च हवं. दडपण मूळचं वरून ठेवलेलं वजन. दडपे पोहे ज्या दडपण्यावरून आले तेच हे क्रियापद. परीक्षेचं दडपण असतं, वडिलांच्या नावाचं असतं, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) देशभरातून पहिल्या क्रमांकावर निवडला गेल्याचं असतं. ते अंगावर चालून येत नाही, बसलेलं असतं.

‘दबाव’ या दोन्हींच्या मधला आणि म्हणूनच फसवा. दबाव कुणीतरी, काहीतरी करून घेण्यासाठी आणतं : दबावगट, दबावतंत्र, राजकीय दबाव. ‘दबावाला बळी पडला’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सही करून मोकळा झालेला अधिकारी उभा राहतो. त्यात नैतिक कमकुवतपणाचा ठपका आहे. तेवीस वर्षांच्या खेळाडूला तो लावू नका, अशी मनापासून विनंती.

आता तुमच्या वाक्याकडे. विल्यम्सला त्या हंगामात ६८ वेळा सॅक केलं गेलं. १७ सामन्यांत ६८. तरीही त्याचे पासचे ३,५४१ यार्ड, २० टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) आणि फक्त ६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). रेट्यात घाबरून कुठेही चेंडू भिरकावणाऱ्याचे आकडे असे नसतात. उलट तक्रार अशी होती की तो चेंडू फार वेळ हातात धरून ठेवतो, खेळी वाचवायच्या नादात सॅक ओढवून घेतो. हा दोष खराच आहे. पण याला ‘ढासळला’ म्हणत नाहीत. ‘हट्टाने धरून बसला’ म्हणा.

आणि डेट्रॉइटचा सामना आठवा, २८ नोव्हेंबर २०२४, थँक्सगिव्हिंगचा दिवस. मध्यंतराला बेअर्स ०–१६ असे मागे. उत्तरार्धात याच पोराने तीन टचडाउन पास टाकले आणि फरक २०–२३ वर आणला. शेवटची ड्राइव्ह (सलग चढाई), फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन गुण) मारता येईल अशा टप्प्यात आलेले, आणि साधारण अर्धा मिनिट उरलं असताना त्याला सॅक केलं. हा झाला रेटा. पण खरं बघण्यासारखं त्याच्यानंतर आहे. घड्याळ चालू, ते थांबवायला बेअर्सकडे एक टाइमआउट शिल्लक, तो कुणीच घेत नाही. सगळे पुन्हा रांगेत उभे राहतायत, विल्यम्स हातवारे करून खेळी बदलतोय, सेकंद गळतायत. चेंडू हातात आला तेव्हा जेमतेम सहा सेकंद होते. लांबचा पास जमिनीवर, सामना खलास. त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या अंगावर एकही माणूस धावून येत नव्हता. तिथे होतं ते निव्वळ दडपण, आणि ते त्याच्याइतकंच बाजूला उभ्या असलेल्या मुख्य प्रशिक्षकावरही होतं. टाइमआउट दोघांनाही मागता येतो, पण पहिल्या हंगामाच्या पोरापेक्षा प्रशिक्षकाची जबाबदारी मोठी. मॅट एबरफ्लूस यांना दुसऱ्याच दिवशी काढलं गेलं.

म्हणून मी वाक्य असं लिहीन : ‘रेटा त्याने सोसला, काही वेळा स्वतःच ओढवून घेतला; दडपणाच्या क्षणी मात्र त्याला सावरायला कुणी नव्हतं.’

पुरवणी प्रश्न

पटलं. पण हा फरक आकड्यांत दिसत नाही का? पासर रेटिंग असतंच की.

उत्तर

त्यात नाही दिसत. ते सूत्र १९७३ चं. पूर्ण झालेल्या पासचं प्रमाण, प्रत्येक प्रयत्नामागे यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन, एवढ्या चार गोष्टी धरून १५८.३ पर्यंत गुण देतं. सॅक त्यात धरतच नाहीत. रेट्याच्या किती खेळींचा शेवट सॅकमध्ये झाला हे प्रमाण त्यापेक्षा बोलकं आहे, कारण भिंत फुटली हा लाइनचा, म्हणजे पुढच्या त्या पाच जणांचा, दोष असला तरी पुढे लोळायचं, निसटायचं की चेंडू बाहेर फेकून द्यायचा, यातलं बरंचसं क्वार्टरबॅकच्या हातात असतं.

प्रतिसाद

‘घाबरला’, ‘गांगरला’, ‘बिचकला’ यांवरही कुणीतरी लिहा. समालोचनात हे शब्द कसेही वापरतात आणि त्रास होतो.

प्रतिसाद

गांगरणं म्हणजे काय करावं हे न सुचणं : समोरचा बचाव ऐन वेळी रचना बदलतो आणि पोरगा नुसता बघत राहतो. हातपाय गाळणं म्हणजे प्रयत्नच सोडणं, हा सर्वांत कठोर शेरा, जपून द्यावा. बिचकणं मात्र वेगळं. त्याला आधीचा अनुभव लागतो. एकदा मार बसलेला असतो, म्हणून पुढच्या वेळी नुसत्या चाहुलीने अंग आखडतं.

याचं उत्तम उदाहरण सॅम डार्नल्ड. २१ ऑक्टोबर २०१९, न्यू यॉर्क जेट्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रिअट्स. डार्नल्ड बावीस वर्षांचा. पेट्रिअट्स खेळी सुरू होते त्या रेषेवर इतके जण आणून उभे करायचे की येणार कोण आणि मागे हटणार कोण, पत्ताच लागू नये. चार इंटरसेप्शन झाले, जेट्स ०–३३ हरले. प्रक्षेपणासाठी त्याच्या अंगावर मायक्रोफोन लावलेला होता आणि बाकावर बसून तो जे बोलला ते देशभर ऐकू गेलं : मला भुतं दिसतायत. फुटबॉलमध्ये या वाक्प्रचाराचा अर्थ ठरलेला आहे, रेटा नसतानाही तो आल्याचा भास होणं. आपल्याकडे त्याला तयार म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. पण इथे मी ती वापरणार नाही, कारण म्हणीतला माणूस मुळातच भित्रा असतो. डार्नल्डला आधीचे फटके खरोखर बसले होते. तो बिचकला होता. आणि बिचकलेला माणूस सावरू शकतो : हाच डार्नल्ड २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडून १४ सामने जिंकला.

उलट बाजूचा शब्दही असावा. ५ नोव्हेंबर २०२३, ह्यूस्टन टेक्सन्सचा सी. जे. स्ट्राउड, पहिलाच हंगाम. टँपा बेविरुद्ध चार गुणांनी मागे, ४६ सेकंद शिल्लक. त्याने संघाला ७५ यार्ड पुढे नेलं आणि ६ सेकंद उरले असताना टचडाउन. त्या दिवशीचे पासचे ४७० यार्ड, पहिल्या हंगामातल्या खेळाडूसाठी विक्रम. अशा वेळी ‘बेधडक’ लिहितात ते मला पटत नाही. बेधडक माणूस धोका बघतच नाही. स्ट्राउड सगळं बघत होता. ‘धीराने’ म्हणा.

प्रश्नकर्ता

शेवटचं. ‘रुकी’ला नवखा म्हणू का?

प्रतिसाद

‘नवखा’मध्ये अडखळणं गृहीत धरलेलं आहे, म्हणून स्ट्राउडला तो शोभत नाही. ‘पहिल्या हंगामातला’ लिहा, लांब असलं तरी. पेटन मॅनिंग १९९८ मध्ये नवखा होता : २८ इंटरसेप्शन, पहिल्या हंगामातला विक्रम, आणि संघाचे तीन विजय, तेरा पराभव. पण त्याला सॅक केलं ते केवळ २२ वेळा. चेंडू वेळेवर हातातून सुटत होता, चुकीच्या माणसाकडे जात होता इतकंच. पुढच्याच वर्षी तेरा विजय. याच्या उलट डेव्हिड कार, २००२, नव्यानेच उभा राहिलेला ह्यूस्टनचा संघ, ७६ सॅक. एका हंगामातला तो विक्रम आहे. या दोघांना एकाच ‘दबावाखाली’मध्ये बसवलं तर वाचकाला कारची लाइन दिसणारच नाही.