द डे ऑफ द जॅकल: सिरीज बघून झाली, आता पुस्तक वाचू का?

खाडीकाठ (देवगड): मंडळी, पाऊस नुसता ओततोय, बोटी बंद, त्यामुळे एडी रेडमेनची २०२४ची जॅकल सिरीज दहाच्या दहा भाग बघून काढली. जाम आवडली. आता वाचनालयात फोर्सिथची मूळ कादंबरी मिळतेय, पण मित्र म्हणतो त्यात जॅकल नावाच्या भाडोत्री मारेकऱ्याला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्ष द गॉलला मारायची सुपारी आहे, आणि तो काय गोळी लागून मेला नाही हे सगळ्यांनाच ठाऊक, मग थरार कसला? वाचू का?

सुरंगी (वेंगुर्ला): वाच, डोळे मिटून घे ते पुस्तक! १९७१ला आलं तेव्हाही लोकांना माहीत होतंच की द गॉल आदल्या वर्षी घरीच वारला, तरी हातातून सुटत नाही. कारण प्रश्न मरतो का हा नाहीच, हा जॅकल इतक्या जवळ पोचतो कसा हा आहे. पासपोर्टचंच बघ, गावागावातल्या दफनभूमीत फिरून आपल्याच वयाचा पण तान्हेपणीच गेलेला मुलगा शोधतो, त्याचा जन्मदाखला काढतो आणि त्या नावावर रीतसर अर्ज करतो, ना लाच ना मारामारी. ही पळवाट ब्रिटनमध्ये खरोखरच होती. मग बंदूक मुद्दाम बनवून घेतो, जंगलात खरबूज टांगून एकेक गोळी झाडत दुर्बिणीचे स्क्रू जुळवत बसतो, पानंच्या पानं तेच चाललंय आणि आपण श्वास रोखून वाचतोय. बंदूक पॅरिसात कशी नेतो ते मात्र सांगणार नाही.

चिपळूणचा_वाचक: पुस्तक भारीच, पण सिरीजलाही मार्क द्या की. पुस्तकातला १९६३चा फ्रान्स आज तसाच दाखवून चाललं नसतं, म्हणून त्यांनी टार्गेट टेक कंपनीवाला अब्जाधीश केला ते पटलं. स्पेनमधली बायको, पोर, सासरची माणसं आणली त्याने त्याला गमावण्यासारखं काहीतरी मिळालं. त्याच्या मागावरची ब्रिटिश गुप्तहेर बियांका पण मस्त, घरदार पणाला लावून मागे लागते.

सुरंगी: बायको आली तिथेच माझ्यासाठी तो जॅकल संपला ओ. पुस्तकात त्याचं खरं नावसुद्धा कळत नाही, त्याचीच तर भीती वाटते. सिरीजमध्ये मधले दोनतीन भाग घरच्या भांडणात जातात, तेवढ्यात पुस्तकातला लेबेल हॉटेलांच्या नोंदी चाळत चाळत अर्धा फ्रान्स पिंजून काढतो. साधा, बायकोच्या धाकातला पोलीस, पण काय चिकाटी!

रापण: बोटी बंद आसत तवसर वाचून टाक रे. मगे १९७३चो पिक्चर पण बघ, एडवर्ड फॉक्स आसा त्यात, तो पुस्तकाक बराच धरून आसा. पण पयला पुस्तक हां, पिक्चर आधी बघलंस तर बंदुकीची गंमत जातली.